काळवीट, काडतूस आणि कायदा

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे बालाघाटाच्या डोंगराळ टापूतील गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत सारा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्याच्या माळरानावर ज्याला आपण सर्रास हरीण म्हणतो ते बहुधा काळवीट असते. शास्त्राच्या दृष्टीने ते हरीण नव्हे, कुरंग होय. त्याची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. फासेपारधी ते फास लावून धरीत, संस्थानिक पाळलेले चित्ते त्याच्यावर सोडीत. बंदूक मागाहून आली आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला : गोळी कोणती वापरावी?

काळ्या दारूच्या जमान्यात हा प्रश्न फारसा पडत नसे. शिशाची जाड, संथ गोळी अंगात शिरताच आपोआप पसरे. १८९० च्या सुमारास धूरविरहित दारू आली, गोळीचा वेग वाढला. उघडे शिसे तो वेग सोसेना, म्हणून त्यावर कठीण धातूचे कवच चढविले गेले. ही कवचबंद गोळी आरपार जाई, पण जखम अरुंद राही. १८९५ च्या चित्राळ मोहिमेत गोऱ्या सैनिकांनी हीच तक्रार केली. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीचे टोक उघडे ठेवले. ती अंगात शिरताच फुलू लागली. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या.

गंमत अशी, की युद्धात जी गोळी क्रूर ठरली तीच शिकारीत दयाळू मानली गेली! कवचबंद गोळी लागलेले काळवीट कोसभर पळे आणि कुठल्यातरी ज्वारीच्या शेतात तडफडत मरे. मऊ टोकाच्या गोळीने ते बहुधा जागीच पडे. मला हा विरोधाभास केवळ वरवरचा वाटतो. सैनिकाला लढाईतून बाद करणे पुरेसे असते, जनावराला मात्र अर्धमेले सोडणे हेच पाप. (शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांना हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, ही आख्यायिका आपल्या परिचयाची आहेच.)

काळवीट जेमतेम ३५-४० किलोंचे. त्याला वाघासाठीची अवजड रायफल कशाला? परंतु उघड्या माळावर ते माणसाला जवळ येऊ देत नाही, म्हणून दूरवर सरळ जाणारी गोळी हवी. आणि नेम चुकला तर तीच गोळी पुढे कित्येक शेते ओलांडून जाते, जिथे निंदणी करणाऱ्या बायका असतात. जाणता शिकारी म्हणूनच मागे टेकडी किंवा बांध पाहूनच चाप ओढी.

स्वातंत्र्यानंतर लष्करी ‘थ्री-नॉट-थ्री’ नागरिकांना वर्ज्य राहिली. परवानाधारकांसाठी ३१५ बोअरची रायफल ईशापूरला बनू लागली. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्यात तयार होत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले आणि गोळीची चर्चाच संपविली. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीला त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आता पिकाच्या नासाडीपायी काळवीट मारण्याची मुभा नाही. ते माणसाच्या जिवावर उठले किंवा असाध्य रोगाने अथवा जखमेने जर्जर झाले, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. उगवलेला हरभरा कळपाने खुडून नेला, तर शेतकऱ्याने वनखात्याकडे अर्ज करायचा आणि पंचनाम्याची वाट पाहायची.