शरणपूरचे आफ्रिकी आणि झांझिबारचे स्वातंत्र्य

नाशिकच्या शरणपूर रस्त्याला ज्या वसाहतीमुळे नाव मिळाले, ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास वसविली. झांझिबार बेटाच्या गुलामबाजाराशी या वसाहतीचा निकटचा संबंध आहे. पूर्व आफ्रिकेतून माणसे विकावयास नेणारी गलबते अडवून ब्रिटिश आरमार त्या माणसांना मुंबईस उतरवी, आणि त्यांतील अनेक मुलांची रवानगी शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात होई. रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली तेथे त्यांना लेखन-वाचन, ख्रिस्ती धर्म, सुतारकाम व लोहारकाम शिकविले जाई. आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडत. चेंग्विंबे हा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. बेडी तुटली खरी. परंतु कोठे राहावे, काय करावे, कोणत्या नावाने ओळखले जावे, हे ठरविण्याचा अधिकार मुक्त झालेल्याच्या हाती आला नव्हता. ‘शरण’ हा शब्द या स्थितीचे, नकळत का होईना, यथार्थ वर्णन करतो.

१८६६ मध्ये लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या प्रवासासाठी येथील नऊ तरुण बरोबर घेतले. त्यांच्यापैकी कित्येकांविषयी त्याने रोजनिशीत तक्रारी नोंदविल्या आहेत. तथापि एडवर्ड गार्डनर अखेरपर्यंत त्याच्याजवळ राहिला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन निवर्तल्यावर त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत, मागाहून जाऊन मिळालेले वेलिंग्टन व जेकब वेनराइट हे नाशिकचे विद्यार्थीही होते. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेमधील अंत्यविधीत वेनराइट शवपेटिकेसोबत होता. इंग्लंडने या प्रसंगात सेवकाची निष्ठा पाहिली. परंतु तो देह आणावयाचा हा निर्णय त्या आफ्रिकी माणसांनीच घेतला होता, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांच्या शिष्टाईनंतर, आरमारी नाकेबंदीच्या धाकाखाली, सुलतान बर्घाशने ५ जून १८७३ रोजी करारावर सही केली आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. आता मुक्त गुलामांना हिंदुस्थानात आणण्याचे कारण उरले नाही. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासा बेटासमोरील किनाऱ्यावर फ्रीयर टाउन वसविले. नाशिकला शिकलेल्यांची तेथे शिक्षक व कारागीर म्हणून गरज होती. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वर्गातील विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला तांडा जोन्स यांनीच किनाऱ्यावर परत आणला.

बाजार बंद झाला म्हणजे दास्य संपले, असे मात्र नव्हे. १८९० मध्ये झांझिबार ब्रिटिश संरक्षणाखाली गेले, म्हणजे गुलामांच्या मुक्तीपूर्वी बेटाचेच स्वातंत्र्य गेले. दास्याची कायदेशीर मान्यता त्यानंतर सात वर्षांनी, १८९७ मध्ये, काढून घेण्यात आली. लवंगांचे मळे बहुतांशी पूर्वीच्याच मालकांकडे राहिले. १० डिसेंबर १९६३ रोजी ब्रिटिशांनी सत्ता सोडली ती सुलतानाच्या राज्यघटनात्मक राजवटीकडे, आणि १२ जानेवारी १९६४ रोजी रक्तरंजित क्रांतीत ती राजवट कोसळली. या उठावात गुलामगिरीच्या स्मृतीचा वाटा मोठा होता.

मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासा येथे वारला. तो किनारा तेव्हाही कागदोपत्री झांझिबारच्या सुलतानाचाच होता.