आभाळाकडे उघडे घर
चार्ल्स कोरिया यांच्या वास्तूंच्या सहवासात

दादरच्या गोखले मार्गावरील 'पोर्तुगीज चर्च' हा थांबा सर्व मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. मात्र तेथे उतरून पोर्तुगीज घडणीचे मंदिर शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ साली स्थापन केलेल्या तारणमातेच्या या धर्मग्रामाचे नाव तेवढे जुने राहिले आहे. आज दिसते ते मंदिर १९७० ते १९८० या दशकात, विख्यात वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले.

ते बांधून झाल्यावर थोड्याच वर्षांनी एका नातलगाच्या लग्नाच्या मिस्सेसाठी आम्ही वसईहून तेथे गेलो होतो. वसईच्या देवळांचे उंच दर्शनी भाग, घंटेचे मनोरे आणि सोनेरी नक्षीच्या वेद्या यांवर आमची नजर पोसलेली. येथे पाहतो तो काँक्रीटच्या भिंती, त्यांतून निघणारी अंगणे, आणि वर पालथ्या शिंपल्यांसारखी कवचाकृती छपरे. आमच्यासोबत आलेल्या वयोवृद्ध मावशी दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे देऊळ म्हणायचे की गोदाम?" आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे अनेक वर्षे, निमित्तानिमित्ताने, आम्ही कोरिया यांच्या वास्तू पाहत गेलो, त्यामागे मावशींचा तो प्रश्न होता.

कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे, कॅथलिक. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काही काळ शिकून ते अमेरिकेत गेले. मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्था येथे त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि १९५८ साली मुंबईत आपला व्यवसाय सुरू केला. त्याच सुमारास एक मोठे काम त्यांच्याकडे आले. ते होते साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे.

१९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेले ते संग्रहालय पाहण्याचा योग आम्हांला धर्मग्रामाच्या एका सहलीत आला. राष्ट्रपित्याचे स्मारक म्हणजे घुमट, संगमरवर, उंच पायऱ्या असे काही आम्ही मनात धरून गेलो होतो. तेथे होते विटांचे खांब, कौलारू छप्पर आणि लाकडी झडपा. खिडक्यांना काच नाही. सहा मीटर लांब व तितक्याच रुंद अशा सारख्या चौकांची मांडणी, त्यांपैकी काही झाकलेले, काही उघडे, आणि मध्ये पाण्याचा एक शांत चौक. एप्रिलच्या उन्हातून आत शिरताच अंगावरून वारा गेला. सोबतच्या मुलांचा गलबला कोणी न सांगताच थांबला. ज्या महात्म्याने आयुष्यभर गरजेपुरतेच घेतले, त्याचे स्मारकही गरजेपुरतेच होते. साधेपणा म्हणजे उणीव नव्हे, ही पहिली खूण आम्हांला तेथे पटली.

उष्ण हवामानात आकाशाकडे उघडी असलेली जागा ही छपराखालच्या खोलीइतकीच उपयोगाची असते, असे कोरिया आयुष्यभर सांगत आले. पहाटे आणि सायंकाळी माणूस अंगणात राहतो, दुपारी आत सरकतो. आपल्या पूर्वजांना हे कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. ओटी, पडवी आणि अंगण यांवाचून आपल्याकडचे जुने घर पुरे होतच नसे. मुंबईच्या कंबाला हिलवर १९८३ साली पूर्ण झालेल्या 'कांचनजंगा' या अठ्ठावीस मजली इमारतीत त्यांनी हाच विचार उंचावर नेला. पश्चिमेचा वारा हवा, पण तिकडचेच ऊन आणि पाऊस नको, या पेचावर जुन्या बंगल्यांनी व्हरांड्याचा तोडगा काढला होता. कोरियांनी इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरून तोच तोडगा नव्याने मांडला. मात्र ही घरे अवघी बत्तीस, आणि तीही धनवंतांची. आम्ही ती रस्त्यावरून मान वर करूनच पाहिली. अल्पवित्त माणसाच्या वाट्याला आकाश कसे यावे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर त्यांनी बेलापुरात दिले. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली होती. पुढे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोचे कोरिया काही वर्षे मुख्य वास्तुशिल्पी होते. याच नव्या मुंबईत १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बेलापूरची वसाहत रचली. एका लहानशा अंगणाभोवती सात घरे, अशा तीन गटांमध्ये मिळून एक मोठे अंगण, आणि पुढे त्याहून मोठे. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. याचा हेतू असा, की हाती पैसा येईल तसे शेजाऱ्याला न दुखवता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे.

बांधकाम नवे असताना आम्ही ती वसाहत पाहिली आणि अलीकडे पुन्हा पाहिली. पहिल्या भेटीत उतरत्या छपरांची बैठी घरे एखाद्या कोकणी वाडीसारखी वाटली होती. आता त्यांतली अनेक पाडून त्या जागी दोनतीन मजली इमले उठले आहेत. हे पाहून प्रथम आम्ही हळहळलो. पण अंगणे अजून जागेवर आहेत, आणि त्यांत मुले खेळत होती. वास्तुशिल्पी भिंती बांधतो, पण त्या भिंतींचे पुढे काय करायचे हे राहणारी माणसे ठरवतात. कोरियांनी ते आधीच मान्य केले होते.

राहणाऱ्यांची जबाबदारी केवढी असते, हे गोव्यातील कला अकादमी पाहताना अधिक तीव्रतेने जाणवते. पणजीला कांपाल येथे मांडवीच्या काठी १९८३ साली पूर्ण झालेली ही वास्तू रस्ता आणि नदी यांना जोडणाऱ्या प्रशस्त पडवीसारखी आहे. नाटकाचे तिकीट नसलेला माणूसही तिच्यातून चालत नदीपर्यंत जाऊ शकावा, अशी तिची रचना. दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी रंगवलेले सज्जातले प्रेक्षक पाहून कोणत्याही गोवेकराला हसू यावे. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरणाचे काम चालू असताना तेथील खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. ते वाचून एखाद्या आप्ताच्या आजाराची वार्ता यावी तसे आम्हांला झाले. कोरिया तोवर हयात नव्हते. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक आम्ही केवळ छायाचित्रांतच पाहिले आहे. ते म्हणजे लिस्बनमधील शांपालिमो संशोधन केंद्र. २०१० साली उघडलेली ही वास्तू बेलें येथे टागूस नदीच्या तीरावर आहे. याच तीरावरून १४९७ साली वास्को द गामाची गलबते निघाली होती. त्या वाटेने आलेल्यांनी आपल्या किनाऱ्यावर चर्चे बांधली. पाच शतकांनंतर मूळच्या गोव्याच्या कुटुंबातला एक वास्तुशिल्पी त्यांच्या किनाऱ्यावर गेला आणि त्याने रुग्णांसाठी व संशोधकांसाठी वास्तू उभारली. तिच्या मधून दगडी वाट हळूहळू चढत जाते आणि टोकाला पाणी व आकाश तेवढे उरते. इतिहासाची परतफेड इतक्या सौम्यपणे क्वचितच होते.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा दादरच्या मंदिरात गेलो. आता ते वाचता येत होते. झाकलेल्या आणि उघड्या जागा एकमेकींत गुंफलेल्या आहेत, म्हणून वारा मंदिरातून आरपार वाहतो. वरची कवचे तापलेली हवा वर ओढून बाहेर सोडतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला, आणि भाविक हे प्रेक्षक नसून उपासनेत सहभागी आहेत, हे ठामपणे सांगितले. सहभागी होणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसावे लागतात. आणि प्रभू येशूचे जीवन तरी कोठे घडले? यार्देन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला, प्रवचन त्याने डोंगरावर केले, पाच हजारांना जेवू घातले ते गवतावर बसवून. त्याचे कार्य बहुतांशी आभाळाखालीच झाले. मग त्याच्या मंदिरात आभाळाला मज्जाव का असावा?

काँक्रीटवर पावसाचे डाग पडतात, त्याची निगा राखणे सोपे नसते, आणि जुन्या मंदिराच्या आठवणीने ज्यांचे डोळे पाणावले त्यांचे दुःखही खोटे नव्हते. हे सारे मान्य करूनही आम्हांला आज वाटते, की कोरियांनी आपल्याला परके काही दिले नाही. आपल्या वाडीतल्या क्रुसापुढे, मे महिन्याच्या संध्याकाळी, मेणबत्त्या लावून उघड्यावर म्हटलेल्या लादाईनची जागाच त्यांनी मंदिरात आणली.

दुर्दैव असे, की ते ती आत आणत असताना आम्ही ती बाहेर घालवीत होतो. वाड्यावाड्यांतून अंगणे लाद्यांखाली गेली, ओट्यांना जाळ्या लागल्या, क्रूस कुंपणाच्या कोपऱ्यात सरकले. नवे चर्च बांधायचे ठरले की संगमरवर किती लागेल याची चर्चा समितीत तासन्‌तास होते. मिस्सेनंतर माणसे कोठे उभी राहून बोलतील, म्हाताऱ्या कोठे टेकतील, असे कोणी विचारत नाही. ते विचारण्याची वेळ आली आहे.

मावशी आता नाहीत. त्या लग्नाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर त्यांना शोधत आम्ही अंगणात गेलो, तेव्हा त्या दादरच्या दोन अनोळखी बायांबरोबर सावलीत बसून सोयरिकी जुळवत होत्या. गाडीची वेळ झाली तरी उठायला तयार नव्हत्या. निघताना त्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "देवळासारखे दिसत नाही खरे, पण बसावेसे वाटते."