ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने सांगितलं होतं, "छडी, डबा आणि सहल सोडून काहीही लिही." म्हणून पोलीस ठाण्यावर लिहिते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, मी पोलीस लाईनीतून शाळेत यायचे. बाबा हवालदार होते आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं. पोलीस खात्यात अक्षर चांगलं असणं ही एक शिक्षाच. असा माणूस बंदोबस्तावर कमी आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी जास्त दिसतो. दारातून आत येणारं प्रत्येक गाऱ्हाणं आधी त्यांच्यापुढे यायचं. नावं ते घरी कधीच सांगत नसत, पण गाऱ्हाणी सांगत. शेजारणीच्या कोंबडीने वाळत घातलेल्या सांडग्यांत चोच घातली. जावयाने सासऱ्याची छत्री नेली ती दोन पावसाळे परत केली नाही. एका गृहस्थांची तक्रार होती की समोरचा माणूस रोज सकाळी त्यांच्याकडे बघून मुद्दाम खाकरतो.

आम्ही हसायचो. बाबा मात्र लिहून घ्यायचे, कारण लिहून घेणं हा कायदा आहे आणि तो बराच जुना आहे. तक्रार लेखी उतरवून घेण्याची तरतूद पहिल्यांदा आली ती १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत. पुढे १९७३ च्या संहितेत त्याचे दोन रस्ते झालेले दिसतात. गुन्हा दखलपात्र असेल तर कलम १५४ लागायचं, म्हणजे एफआयआर आणि तपास. अदखलपात्र असेल तर कलम १५५ लागायचं, म्हणजे वहीत नोंद करायची आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं. त्यांच्या हुकुमाशिवाय पोलिसाला तपास करता येत नाही. आपण ज्याला 'एनसी' म्हणतो ती हीच. "एनसी करून घेतली" म्हणजे पुढे काही होणार नाही, हे आपल्या गावात लहान मुलालाही ठाऊक होतं.

त्याआधीही गावातली भांडणं कुठेतरी जातच होती. मुंबई इलाख्यात १८६७ चा ग्राम पोलीस कायदा होता. किरकोळ मारहाण आणि शिवीगाळ या दोन गोष्टींसाठी पोलीस पाटलाला चोवीस तासांपर्यंत कोंडून ठेवण्याचा अधिकार त्यानुसार देता येत असे. संध्याकाळी शिवी दिली, रात्र चावडीत काढली, सकाळी शेतावर गेला, असा हिशेब. मला तो वाईट वाटत नाही, अर्थात पाटील कोण आहे यावर सगळं अवलंबून.

क्षुल्लक गोष्टींबद्दल कायदा करणाऱ्यांनी विचार केला नव्हता असंही नाही. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा केला, १८६० मध्ये भारतीय दंड संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. तिच्यात कलम ९५ होतं. त्याचा आशय असा, की साधारण अकलेचा आणि साधारण स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी इजा किरकोळ असेल, तर तो गुन्हाच नव्हे. या 'साधारण स्वभावाच्या माणसा'ला बाबा उभ्या नोकरीत भेटले नाहीत. निदान टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तरी नाहीच.

या कलमावरचा सगळ्यांत गाजलेला निकाल मुंबईतल्या एका इमारतीतल्या भांडणाचा आहे. भाडेकरू आणि मालक यांची बाचाबाची झाली, मालकाच्या बाजूच्या माणसाने कागदांची फाईल फेकली, ती नेम चुकून भाडेकरूच्या घरातल्या बाईंच्या कोपराला लागली आणि ओरखडा उठला. हा ओरखडा १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इजा कलम ९५ मध्ये बसण्याइतकी किरकोळ आहे, असं न्यायालयाने ठरवलं. ओरखडा तोवर केव्हाच बरा झाला असणार.

अलीकडच्या कथा तुम्ही वाचल्या असतीलच, तरी दोन-तीन सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला पंच्याऐंशी वर्षांच्या आजींनी तक्रार केली, की सावत्र मुलाने पोपटाला आपल्याला शिव्या द्यायला शिकवलं आहे. पोलिसांनी पोपटासह सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. तिथे पोपट एक अक्षर बोलला नाही. बाबांना ही बातमी वाचून दाखवली तर म्हणाले, "आरोपी हुशार आहे." पोपट शेवटी वनखात्याकडे गेला.

दुसरी कथा कबुतराची. मे २०२३ मध्ये चेंबूरच्या बंदराजवळ एक कबूतर सापडलं. पायांत कड्या, पंखांवर चिनी वाटणारी अक्षरं, म्हणून हेरगिरीचा संशय. ते परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयात राहिलं, आणि तपासात निघालं तैवानचं शर्यतीचं कबूतर. जानेवारी २०२४ च्या शेवटी त्याला सोडलं. मधले आठ महिने ते आत होतं. ही गोष्ट सांगताना लोक हसतात आणि मग मध्येच थांबतात, हे मी दोन-तीनदा पाहिलं आहे.

आणि पुणे जिल्ह्यातली चप्पल. २०१७ मध्ये खेड तालुक्यात एका गृहस्थांनी घराबाहेरून चोरीला गेलेल्या ४२५ रुपयांच्या नव्या चपलांची फिर्याद दिली आणि पोलिसांनी कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवला. पेपरवाल्यांनी ती गंमत म्हणून छापली, पण कायद्याने ते बरोबरच होतं. चोरी दखलपात्र होती आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं होतं. त्याआधी काय चालायचं ते पोलीस लाईनीतल्या मुलांना विचारा. 'चोरी'चं 'गहाळ' व्हायचं. सायकल कुलपासकट गहाळ, देवळापुढचे बूट गहाळ. महिन्याचे आकडे वाढू नयेत, एवढाच हेतू. १ जुलै २०२४ पासून हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सुटला. नव्या न्याय संहितेत पाच हजार रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे चप्पल आता एनसीत गेली.

इथवर हसण्याचं झालं. एक गोष्ट बाबांनी निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली.

एक बाई महिन्या-दोन महिन्यांनी ठाण्यात यायची. (आपल्यापैकी कोणाच्या घरची नव्हे, अंदाज बांधू नका.) कधी स्टीलची वाटी गेली, कधी तांब्या, कधी दोरीवरचं लुगडं. ठाण्यातले लोक तिला 'वाटीवाली' म्हणायचे. ती आली की कोणीतरी म्हणायचं, "आज काय, चमचा का?" बाबा लिहून घ्यायचे. वाटीचा आकार, वर नाव कोरलंय का, शेवटची कधी पाहिली. ती नेहमी दिवेलागणीनंतर यायची आणि लिहून झाल्यावरही बाकावर बसून राहायची. साडेनऊ-दहाला उठून जायची. ती वस्तूसाठी येत नाही, हे बाबांना दोन-तीन खेपांतच कळलं होतं. नवरा पिऊन यायचा आणि दहापर्यंत झोपायचा. ठाण्यातला बाक ही गावातली अशी एकच जागा होती, जिथून तिला ओढून नेण्याची त्याची हिंमत नव्हती. आणि तिथे बसायचं तर तक्रार हवी.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"सावकाश लिहायचो," बाबा म्हणाले.

एकदा ती सुजलेला डोळा घेऊन आली. तेव्हाही बाबांनी वरिष्ठांच्या सांगण्यावरून एनसीच केली. ३२३ आणि ५०४, मारहाण आणि शिवीगाळ. नवऱ्याला बोलावून समज दिली. नवऱ्याकडून होणाऱ्या छळासाठीचं ४९८-अ हे दखलपात्र कलम १९८३ मध्येच आलं होतं. बाबांना ते पाठ होतं. "लावता आलं असतं," ते म्हणाले. "साहेबांना म्हणायला हवं होतं मी. घरगुती आहे म्हणून गप्प बसलो. आणि आधीचं सगळं माझ्याच अक्षरात होतं ना, वाटी, तांब्या. कोणी कागद काढले असते तर तिच्याबद्दल काय दिसलं असतं?" पुढे ती यायची थांबली. माहेरी गेली असं कोणी म्हणालं. खरं-खोटं करायला बाबा गेले नाहीत, आणि ते न जाणं त्यांना अजून बोचतं. आईला हे ठाऊक होतं असं त्या दिवशी कळलं. ती स्वयंपाकघरातून नुसती म्हणाली, "सुजाण माणसं सगळी."

मी स्वतः नोकरीत फॉर्म बनवते. माणूस पडद्यावर काय भरेल, कुठे अडेल, कुठे कंटाळून सोडून देईल याचा विचार करण्याचे मला पैसे मिळतात. हरवलेल्या वस्तूची नोंद आता घरबसल्या ऑनलाइन होते आणि ती सोय चांगलीच आहे, मी दोनदा वापरली. पण वाटीवालीने तो फॉर्म भरला असता तर तिला लगेच पावती मिळाली असती आणि रात्रीचे आठच वाजले असते.

आता आपल्या शाळेचं एक प्रकरण. १९९५ च्या सहामाहीच्या आदल्या रात्री लिंबाच्या झाडाला टांगलेला टोल नाहीसा झाला, आठवतं ना? दोन फुटांचा रुळाचा तुकडा, दोघांशिवाय उचलणार नाही असा. हेडसरांनी शिपाईमामांच्या हाती अर्ज पाठवला. टेबलाशी बाबाच होते. त्यांनी अर्ज वाचला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "रूळ रेल्वेचा दिसतो. शाळेकडे आला कसा? पावती असेल तर जोडा, नाहीतर रेल्वे पोलिसांना कळवावं लागेल." रेल्वेच्या मालाच्या बेकायदा ताब्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. शिपाईमामा अर्ज घेऊन परत आले ते पुन्हा गेलेच नाहीत. चार दिवसांनी टोल मैदानामागच्या ओढ्यात 'सापडला'.

तो कोणी नेला हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. त्या दोघांसाठी मी कलमं पाहून ठेवली आहेत. टोल इमारतीत नव्हता, झाडाला होता, म्हणून ३८० लागत नाही. उरलं ३७९. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, आणि अशा गुन्ह्याची दखल घेण्याची मुदतही तीनच वर्षं. ती १९९८ मध्ये संपली. संमेलनाला बाबा येणार आहेत. पहिल्या रांगेत बसतील. जेवणाच्या सुट्टीत त्यांना भेटा, ते लिहून घेणार नाहीत.