अल्पायु : बडोद्यात कोण किती जगलं, आणि का

वंशावळींचं काम करणाऱ्यांना ‘अल्पायु’ हा शब्द ओळखीचा आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांच्या वंशावळी उलगडल्या, की एखाद्या नावाखाली ‘अल्पायु’, दुसऱ्याखाली ‘निःसंतान’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं. मुलींची बहुधा नावंही नसतात. ही घरं काही कंगाल नव्हती. कारकून, शिरस्तेदार, शिलेदार, शाळामास्तर अशी माणसं. घरात लिहिणारा हात होता म्हणून तर वंशावळ राहिली. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांच्या घरी किती मुलं गेली हे सांगणारा कागदच नाही.

शिकलेली, बऱ्या घरची माणसं जास्त जगतात असं आज आपण सहज म्हणून जातो. ते बडोद्यात कधीपासून खरं झालं, एवढाच या टिपणाचा विषय.

सुरुवात राजवाड्यापासून करू, कारण पैसा, दर्जा आणि शिक्षण तिन्ही तिथे होतं. सयाजीराव महाराज (तिसरे) मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरचे. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पुढे इलियटसाहेबांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या पहिल्या राणी, तंजावरच्या चिमणाबाई, १८८५ साली क्षयाने गेल्या. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर त्यांच्याच स्मरणार्थ १८९६ मध्ये उभा राहिला. खालून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. त्यांच्या दोन मुली लहानपणीच गेल्या होत्या आणि मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. दुसऱ्या राणीसाहेबांच्या मुलांपैकी शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली वारले. महाराज स्वतः मात्र १९३९ पर्यंत, जवळजवळ शहात्तर वर्षं जगले. संस्थान हाताशी, हवे ते डॉक्टर हाताशी, आणि तरी बापाने तीन तरुण मुलगे पोचवले.

क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्ये दाखवला होता. म्हणजे चिमणाबाई गेल्या तेव्हा रोग कशाने होतो हे शास्त्राला कळून तीन वर्षं झाली होती. पण त्यावर औषध यायला अजून साठेक वर्षं होती. विकत घ्यायलाच काही नसेल तर पैशाने काय घेणार? हे फक्त आपल्याकडचं नव्हे. अमेरिकेच्या १९०० च्या शिरगणतीवरून सॅम्युएल प्रेस्टन आणि मायकेल हेन्स यांनी दाखवलंय, की तिथल्या डॉक्टरांच्या घरची मुलंही इतरांपेक्षा फारशी कमी दगावत नव्हती. डॉक्टरलाच माहीत नव्हतं, तर डॉक्टरच्या बायकोला कुठून असणार!

इथे एक खुलासा. हिंदुस्थानची सरासरी आयुर्मर्यादा १९११ ते १९२१ च्या दशकात सुमारे २० वर्षं निघते. याचा अर्थ लोक विसाव्या वर्षी मरत होते असा नाही. पाळण्यातली मुलं इतकी जात, की सरासरी खाली ओढली जाई. लहानपण निभावलं तर पन्नाशी-साठी अगदीच दुर्मीळ नव्हती. म्हणून आयुष्याचा हिशेब म्हणजे बहुतांशी बाळांचा आणि बाळंतिणींचा हिशेब.

मग श्रीमंती काहीच कामाची नव्हती का? होती, पण रोगापेक्षा भुकेत. छप्पनचा दुष्काळ (संवत १९५६, म्हणजे इसवी १८९९-१९००) गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणून बोलण्यात येतो. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानची वस्ती २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ भरली. साडेचार लाखांहून अधिक माणसं कमी. सगळीच मेली नसतील, काही देशोधडीला लागली असतील. पण दहा वर्षांत जन्मले ते धरूनही हा आकडा आहे. दुष्काळ आधी खातो तो ज्याच्या घरात कोठार नाही त्याला. पगारी कारकुनाचं धान्य महाग झालं, शेतमजुराचं संपलं. ही खोट भरून निघायला संस्थानाला १९३१ उजाडावं लागलं. तेव्हा कुठे वस्ती २४,४३,००७ झाली.

पाण्याची गोष्ट वेगळी. १८९० च्या आसपास आजव्याच्या सरोवराचं पाणी नळाने शहरात आलं. नळाला जात, शिक्षण विचारता येत नाही. विहिरीला ते विचारलं जाई, आणि अंत्यजांना उत्तर ठरलेलं असे. नळाने ते सगळं मिटवलं असं मात्र कोणी समजू नये. कोणत्या गल्लीत नळ आधी जातो हेही माणसंच ठरवतात.

ज्ञानाचा फायदा नेमका मोजता येतो अशी जागा बडोद्याजवळच आहे, आणि तिच्याबद्दल आपल्यात फार बोललं जात नाही. तिचं नाव उंढेरा. १८९८ च्या फेब्रुवारीत या गावी प्लेग असताना वाल्डेमार हाफकिन आणि बॅनरमन तिथे गेले. हाफकिनची प्लेगची लस त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत तयार झाली होती. ती उपयोगी पडते का, हे कळणार कसं? लस घेणारे बहुधा शिकलेले, हवेशीर घरात राहणारे. ते वाचले तर लसीने वाचले की घराने, हा वाद मिटणारा नव्हता. म्हणून उंढेऱ्यात प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं, निम्म्यांना नाही. तेच घर, तीच चूल, तेच उंदीर.

पुढे गावातल्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या घरांत न टोचलेली ६४ माणसं होती. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ मेली. टोचलेली ७१ होती. त्यांतली ८ आजारी पडली आणि ३ मेली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्या सव्वीस जणांच्या घरी पुढे काय बोलणं झालं असेल? आपल्याच ओसरीवर बसून एकाला सुई मिळाली आणि दुसऱ्याला नाही. पण घर आणि दर्जा सारखा ठेवल्यावर सुईने किती फरक पडतो हे या गावाने दाखवलं. इथून पुढे ‘माहीत असणं’ आणि ‘विश्वास ठेवणं’ या गोष्टी आयुष्य वाढवू लागल्या. सुई सरकारी होती, अफवा पुष्कळ होत्या, आणि १९०२ मध्ये पंजाबात मलकोवालला टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने गेले, तेव्हा भीतीला कारणही मिळालं. अशा वेळी छापलेलं पत्रक वाचू शकणारा आणि फक्त ऐकीव गोष्टींवर चालणारा यांचे रस्ते वेगळे होणारच.

तरीही सगळं शिक्षणावर घालून चालणार नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे मुंबई शहराचे आकडे पाहावेत. बडोद्याहून रेल्वेने एका रात्रीचा प्रवास, आणि आपल्यातल्या कित्येकांचे नातेवाईक तिथे. हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९, आणि तेव्हाच्या भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ यांच्यात ६१.६. या तापावर ना लस होती, ना औषध, कोणाकडेच नव्हतं. मग सातपट फरक कशाने? कोंदट खोली, अर्धपोटी शरीर, आणि घरातले सगळे एकदम पडल्यावर पाणी द्यायला कोणी नसणं. पुस्तक वाचून हे टळत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण इथे डोळ्यांपुढून हलत नाही. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत परत आले, तर शहरात राहायला जागा मिळाली नाही. त्यांच्याइतकं शिकलेलं त्या काळी देशात किती जण होते! आणि त्यांच्या पाच मुलांपैकी चार बालपणीच गेली; एकटे यशवंतराव मोठे झाले. पदवी बापाकडे होती. खोली, हातातला पैसा आणि समाजातली जागा मात्र पदवीबरोबर आली नाही.

महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेलीतल्या काही गावांत सुरू केलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर नेलं. मुलींनाही ते लागू होतं. १९०४ चा बालविवाह प्रतिबंधाचा कायदा आणि १९१० नंतर बोर्डन यांनी उभं केलेलं ग्रंथालयांचं जाळं, गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, हे त्याच धाग्यातलं. मजुराला मूल शाळेत घालणं म्हणजे एक मजुरी बुडणं, त्यामुळे कागदावरची सक्ती आणि गावातली सक्ती यांत अंतर राहिलंच. माझ्या मते मात्र आयुर्मानाच्या दृष्टीने या सगळ्यात मुलींची शाळा सर्वांत मोलाची. जॉन काल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियाच्या अभ्यासातून मांडलं, की मूल जगण्याशी आईच्या शिक्षणाचा संबंध बापाच्या धंद्यापेक्षा अधिक घट्ट असतो. शिकलेली आई मूल दवाखान्यात लवकर नेते, आणि सासूने नको म्हटलं तरी नेते. आपल्या आज्यांनी हे नायजेरियाच्या आधी सांगितलं असतं. त्यांना कोणी विचारलं नाही.

म्हणून सभासदांना एक विनंती. यापुढे वंशावळ आणताना मुलींची नावं घाला. ‘अल्पायु’ असेल तिथे वय, आणि आठवत असेल तर कारण लिहा. आणि प्रत्येक आईपुढे ती किती इयत्ता शिकली होती, ते.