एका सभासदाचं एक मत

आबांच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला आहे. घडीवर कागद विरलाय, पण सभासद क्रमांक अजून वाचता येतो. कारखाना उभा राहत होता तेव्हा आबांनी म्हैस विकून तो शेअर घेतला.

कारखानदाराचं राजकारण साताऱ्याला त्याहून जुनं आहे. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली तिथं कारखाना काढला. त्यांचे लोखंडी नांगर रानोरानी गेले. ते ब्राह्मणेतर पक्षातून कायदेमंडळात गेले, मंत्री झाले. १९३७च्या निवडणुकीनंतर काँग्रेसनं सत्ता घ्यायचं नाकारलं, तेव्हा १ एप्रिलला हाच साताऱ्याचा कारखानदार मुंबई प्रांताचा पहिला पंतप्रधान झाला. जुलैत पायउतारही झाला. पण ते राजकारण एका मालकाचं होतं. नांगर घेणाऱ्या कुणब्याला त्या कारखान्यात मत नव्हतं.

साखर कारखान्यांत ते मत आलं, आणि आलं ते राजकारणातल्याच माणसांच्या हातून. वसंतदादा पाटलांनी २४ जुलै १९४३ला सांगलीचा तुरुंग फोडला, खांद्यात गोळी घेतली; पुढं सांगलीला शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला आणि १९७७ला मुख्यमंत्री झाले. प्रतिसरकारातले नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळव्याच्या कारखान्याला नाव दिलं ते किसन अहिर यांचं, पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या आपल्या सोबत्याचं. ते नाव फाटकावर वाचताना माझा ऊर आजही भरून येतो.

कायदा साधा होता: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. भांडवलात सरकारचा वाटा, कर्जाला सरकारची हमी. त्यामुळं चेअरमनला मुंबई लागायची आणि मुंबईला चेअरमन. गावोगाव गट ऑफिसं, तिथं माणसं, जीपगाड्या. विधानसभेच्या प्रचाराला वेगळी फौज लागायचीच नाही. कारखान्याची निवडणूक तर विधानसभेहून चुरशीची. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्यावरून यशवंतराव मोहिते आणि जयवंतराव भोसले हे सख्खे भाऊ समोरासमोर आले, तेव्हा गावागावांत एकाच ओसरीवर दोन पॅनेलची माणसं बसायची, एकमेकांशी न बोलता.

माझ्या मते खरी सत्ता मात्र त्या जीपगाड्यांत नव्हती. ती कुणाचा ऊस कधी तुटणार हे ठरवणाऱ्या तोडीच्या चिठ्ठीत होती.

एका वर्षी आबा विरोधी पॅनेलच्या सभेला जाऊन बसले. नुसते बसले, बोलले काही नाहीत. आमची आडसाली लागण, तोडीचा नंबर डिसेंबरचा. शेजारच्या बांधापर्यंत टोळी आली आणि तिथूनच दुसऱ्या शिवारात गेली. चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला आबांनी चहा पाजला, तो मान खाली घालून म्हणाला, "आबा, माझ्या हातात काय न्हाई." फेब्रुवारी सरला. उसाला तुरा येऊन गेला होता, कांडं मोडलं की आत भेंडासारखं पांढरं, कोरडं. शेवटी ऊस गेला तेव्हा काट्यावरच्या पावत्या आईनं दोनदा मोजल्या. एवढ्याशा वजनात माझ्या बहिणीचं लग्न बसणार नव्हतं. ते एक वर्ष पुढं गेलं.

पुढच्या निवडणुकीला दोन्ही पॅनेलच्या गाड्या दारात आल्या. आबा एकाही गाडीत बसले नाहीत. धुतलेलं धोतर नेसून, सभासदाचं कार्ड खिशात घालून चार मैल चालत गेले. दुपारी परतले, बोटावरची शाई पुसून न टाकता जेवायला बसले. मत कुणाला दिलं, ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही.