एका गुणाची उणीव

ता. १५ जानेवारी १९१० रोजीं लंडनजवळील ट्विकेनहॅमच्या नव्या मैदानावर इंग्लंड व वेल्स यांच्यांतील रग्बीचा सामना सुरू झाला, तो वेल्सच्या बेन ग्रोनोनें चेंडूस मारलेल्या लाथेनें. चेंडू नेमका इंग्लंडच्या ॲड्रियन स्टूपच्या हातीं पडला आणि पहिल्याच मिनिटास वेल्सवर गुण चढले. ब्रिजएंड गांवच्या या गड्याच्या नांवाशीं ती आठवण कायमची जडली.

त्याच वर्षीं तो यॉर्कशरांतील हडर्सफील्ड संघांत पैसे घेऊन खेळूं लागला. येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. उत्तरेकडील गिरण्याखाणींतल्या कामगारांची खेळापायीं मजुरी बुडे. ती भरून द्यावी कीं नाहीं या वादांतून १८९५ सालीं ह्याच हडर्सफील्ड शहरीं नॉर्दर्न युनियन ही निराळी संस्था निघाली. १९०६ पासून तिचे संघ पंधराऐवजीं तेरा गड्यांचे झाले. रग्बी लीग तो हाच खेळ. तिकडे गेलेल्यास जुनी संस्था वाळींत टाकी. वेल्सचा लाल सदरा त्यास पुन्हा मिळणें नाहीं! पोटाची चिंता नसलेल्या गृहस्थांना हा नियम मोठा उदात्त वाटे.

ग्रोनो आघाडीचा, म्हणजे खांदा भिडवून रेटा देणारा गडी. पण लाथेनें गोल करण्यांतही तसाच पटाईत. हॅरोल्ड वॅगस्टाफच्या नेतृत्वाखालीं त्याच्या संघानें १९१४-१५ च्या हंगामांत चारही चषक जिंकले. पुढें महायुद्धांत लष्करी वाहनदलांत असतां ग्रोनो पुन्हा पंधरा गड्यांचा खेळ खेळला. सैनिकांपुरता बहिष्कार शिथिल झाला होता. युद्ध संपतांच तो पूर्ववत् लागू झाला.

१९१९-२० हा त्याचा सर्वांत वैभवाचा हंगाम. एकट्यानें ३३० गुण मिळविले, संघानें तीन चषक घेतले, आणि चौथ्यासाठीं हल् संघाशीं अंतिम सामना ठरला. परंतु वॅगस्टाफ व ग्रोनो यांसह हडर्सफील्डचे पांच गडी राष्ट्रीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले होते. लीड्स येथें २४ एप्रिल १९२० रोजीं हल् ३, हडर्सफील्ड २ असा निकाल लागला. आणखी एक गोल झाला असता तर दोन गुण मिळून चौथा चषकही हातीं येता. पण ज्याचा पाय त्या कामीं सर्वांत भरंवशाचा, तो त्या दिवशीं मैदानावर नव्हता.

१९२४ सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, ग्रोनोची ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठीं पुन्हा निवड झाली.