काळा पाषाण, पांढरे पाणी

लोणारला समुद्र नाही. मग खडकाळ किनाऱ्यावर फुटणाऱ्या पाण्याची छायाचित्रे कशी निघू लागली याचा इतिहास येथे कशाला, अशी शंका श्रोत्यांपैकी कोणी घेईल. तिचे उत्तर खडकातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा जो काळा पाषाण झाला, तोच हरिहरेश्वरी लाटांचे तडाखे खातो, आणि त्याच पाषाणावर अशनी आदळून आपले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. सरोवराचे पाणी संथ खरे. पण काठावरची धार गोमुखातून बारा महिने पडत आली आहे. कोकणात लाट, आपल्याकडे धार. कॅमेऱ्यापुढचा पेच एकच. काळ्या दगडावरून पांढरे पाणी धावते आहे, आणि ते क्षणभर थांबायला तयार नाही.

छायाचित्रणाची कृती १८३९ साली पॅरिसात जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात आरंभीच्या काळात होते. विद्या लवकर आली. पण त्या काळच्या काचेवर पाणी उमटत नसे, उमटे ते धुके. १८५१ साली आर्चर या इंग्रज गृहस्थाने शोधलेल्या कृतीत काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती रुप्याच्या क्षारात बुडवायची, आणि ओली आहे तोवर चित्र घेऊन धुऊनही काढायची. आपल्या उन्हाळ्यात ती वाळायला कितीसा वेळ! शिवाय देखाव्याचे चित्र घ्यायला काच कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे.

येथे थोडे गणित केले पाहिजे. एक मीटर उंचीवरून पडलेले पाणी खाली येते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर असतो. काच दोन सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्या वेळात कितीतरी पाणी त्याच वाटेने येऊन जाते आणि त्या सर्वांचा मिळून कापसासारखा एक पट्टा उमटतो. एका सेकंदाच्या तिसाव्या भागात पाणी पंधरा सेंटिमीटर सरकते, म्हणजे थेंबाची रेघ होते. हजाराव्या भागात अर्धा सेंटिमीटरही सरकत नाही, आणि थेंब थेंबासारखा दिसतो. जुन्या चित्रांत समुद्र गोठल्यासारखा किंवा दुधासारखा दिसतो तो यामुळे. त्या दिवशी वारा पडला होता, असा अर्थ त्यावरून काढू नये.

ही अडचण फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने मोठ्या युक्तीने ओलांडली. सेत बंदरावर त्याने १८५७ साली फुटत्या लाटेचे जे चित्र घेतले ते अजून नावाजले जाते. त्या काळची काच निळ्या प्रकाशाला फार हळवी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी. समुद्र नीट यावा तर आकाश पांढरे फटक पडे, ढग नाहीसे होत. तेव्हा त्याने लाटेची काच वेगळी घेतली, ढगांची वेगळी, आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडून एका कागदावर छापल्या. याला कोणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही. परंतु त्या लाटेवर तेच ढग होते, अशी साक्ष मात्र त्या चित्रातून काढता येणार नाही.

१८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली, पुढे दहाएक वर्षांत तशा काचा बाजारात मिळू लागल्या, आणि सेकंदाचा लहानसा अंश पुरेसा झाला. मग ७ जुलै १८९६ हा दिवस आला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यातल्या आगगाडीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच खेळात ‘समुद्रस्नान’ही होते, हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते नवल आगगाडीपेक्षा त्याचेच अधिक. गाडी स्टेशनात थांबते, तिचे स्थिर चित्र काढता येते. लाट कुठे थांबते? अर्धशतकभर धुके होऊन बसलेले पाणी त्या दिवशी पडद्यावर उसळून पुन्हा मागे गेले. तो खेळ पाहून सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. पुढे १९१९ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘कालियामर्दन’ काढला, त्यात यमुनेच्या डोहात उतरणारा बाळकृष्ण त्यांची कन्या मंदाकिनी हिने केला आणि डोहाचे पाणी स्वतःच एक पात्र होऊन बसले.

आता धारेपाशी येऊ. ओला काळा दगड आणि उन्हात चमकणारा फेस यांच्या उजेडात एवढे अंतर असते की दोन्ही एका चित्रात नीट येत नाहीत. दगडाचे कंगोरे राखावे तर पाणी चुन्यासारखे सपाट होते. पाण्याचे पदर राखावे तर दगड शाईत बुडतो. म्हणून जाणते लोक ऊन टाळून सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी जातात.

सरोवराच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पूर्वीही असे कधी झाले होते काय, अशी विचारणा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासात क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आल्याचे दिसले. पाऊस कमी, पाणी आटलेले आणि खारटपणा वाढलेला, असे ते वर्ष होते. या प्रश्नाला जुनी कृष्णधवल चित्रे उत्तर देऊ शकत नाहीत. गुलाबी काय आणि हिरवे काय, दोन्ही करड्याच्याच छटा. तांबड्याला आंधळ्या काचेवर तर ओळख आणखीच अवघड. पाण्याची कड कमळजादेवीच्या देवळापासून किती दूर होती, हे मात्र तीच चित्रे स्पष्ट दाखवतात. मागच्या बाजूस तारीख लिहिलेली असेल, तर कोणत्या साली, तेही.